सयाजीराव : एका विजयी घोड्याचें चरित्र

शाळेच्या वार्षिक अंकांत थोरामोठ्यांचीं चरित्रें द्यावींत, हा प्रघात जुना आहे व तो चांगलाहि आहे. राजे, साधु, कवि आणि शास्त्रज्ञ यांचीं चरित्रें वाचून मुलांच्या मनावर इष्ट संस्कार होतात, यांत शंका नाहीं. मग या पानांवर एका घोड्याचें चरित्र कां, असा प्रश्न आमचे विद्यार्थिमित्र विचारतील. पालक तर तो अधिकच गंभीरपणें विचारतील. कारण घोडा म्हटला कीं शर्यत, आणि शर्यत म्हटली कीं जुगार, हें समीकरण सर्वांच्या मनांत पक्कें बसलेलें आहे. त्या जुगारानें किती संसार धुळीस मिळविले हें आम्ही जाणतों, आणि त्याची तरफदारी करण्यासाठीं ही लेखणी उचललेली नाहीं. परंतु पैजेचें पाप घोड्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. पैज लावणारा मनुष्य निराळा, आणि छाती फुटेपर्यंत धांवणारा तो मुका प्राणी निराळा.

शिवाय धांवणाऱ्या जनावराचें कौतुक आपल्या तळेगांवाला नवें नाहीं. पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या शिंगांना बेगड लागते, पाठीवर झूल चढते, आणि वर्षभर राबणाऱ्या त्या मुक्या सोबत्यापुढें घरधनी हात जोडतो. शंकरपट भरला म्हणजे कोणाची जोडी सुटली आणि कोणत्या धुरकऱ्यानें ती कशी हांकली, याची चर्चा पारावर आठ-आठ दिवस चालते. आर्वी, आष्टी व कारंजा या भागांत जिची पैदास शेकडों वर्षें होत आलेली आहे ती गवळाऊ गुरांची जात चपळाईसाठीं नांवाजलेली आहे. चांगल्या गोऱ्ह्याची पारख करतांना आपले शेतकरी आधीं त्याची आई पाहतात, बाप पाहतात, मग पाय व छाती पाहतात. ज्या घोड्याची हकीकत आम्ही सांगणार आहों त्याची पारखहि याच रीतीनें झाली होती. फक्त बाजार फार मोठा होता, आणि बोली आपल्या कल्पनेपलीकडची होती.

या घोड्याचें नांव सयाजीराव. जन्म इंग्लंडांत, कीर्ति इंग्लंड व आयर्लंड येथील मैदानांवर. परंतु नांव मात्र अस्सल मराठी. तें त्याला कसें मिळालें हें समजण्यासाठीं प्रथम त्या नांवाच्या मूळ धन्याची ओळख करून घेतली पाहिजे.

नाशिक जिल्ह्यांत मालेगांवाजवळ कवळाणें नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या घरीं ११ मार्च १८६३ रोजीं गोपाळ नांवाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड अक्षरओळखहि नव्हती. १८७५ सालीं बडोद्याच्या गादीला वारस हवा होता, तेव्हां महाराणी जमनाबाईंनीं या खेडवळ मुलाला दत्तक घेतलें, आणि गोपाळाचे महाराजा सयाजीराव गायकवाड झाले. ज्यानें स्वतः बाराव्या वर्षीं धुळाक्षरें गिरविलीं, त्या राजानें पुढें १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ सालीं तो सर्व राज्याला लागू केला. गांवोगांव वाचनालयें निघालीं. १८९० सालीं कलाभवन स्थापन झालें. १९१३ सालीं भीमराव आंबेडकर नांवाचा एक तरुण याच राजाची शिष्यवृत्ति घेऊन अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत गेला. राज्याचा पैसा हा प्रजेचा पैसा, ही जाणीव या राजाच्या कारभारांत ठिकठिकाणीं दिसते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं, चौसष्ट वर्षांच्या दीर्घ कारकीर्दीनंतर, ते निवर्तले.

त्यांच्या मागून गादीवर आले ते त्यांचे नातू प्रतापसिंहराव. त्यांचा जन्म २९ जून १९०८ रोजीं झाला, आणि ते तीन महिन्यांचेहि झाले नव्हते तोंच त्यांचे वडील युवराज फत्तेसिंहराव वारले. पित्याची ओळख होण्यापूर्वींच पितृछत्र हरपलेल्या या मुलाला छाया होती ती आजोबांची. तेव्हां आजोबांच्या नांवाविषयीं त्यांच्या मनांत किती जिव्हाळा असेल हें निराळें सांगावयास नको.

घोड्यांचा नाद या घराण्याच्या रक्तांतच होता असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं. गायकवाडांचा उदय घोड्याच्या पाठीवरच झाला. ते मूळचे सेनापति दाभाड्यांचे सरदार. आणि हे दाभाडे तळेगांवचेच. अर्थात् तें तळेगांव पुण्याजवळचें, तळेगांव दाभाडे. आमचें तळेगांव श्यामजी पंतांचें. नामसाम्यापुरताच हा संबंध असला, तरी दुसरा एक धागा मात्र खरोखरच आपल्या वऱ्हाडांतून गेलेला आहे. १७२० सालीं अकोल्याजवळ बाळापूर येथें निजामाशीं जी मोठी लढाई झाली, तींत दमाजी गायकवाडानें असा पराक्रम केला कीं शाहू महाराजांनीं त्याला समशेरबहादर हा किताब दिला. बडोद्याच्या वैभवाचा पाया अशा रीतीनें बाळापुरच्या रणांत घोड्यांच्या टापांखालीं घातला गेला. दोन शतकांनंतर लढाया संपल्या, तलवारी भिंतींवर टांगल्या गेल्या, परंतु घोडा राहिला. तो रणांगणांतून शर्यतीच्या मैदानांत आला, एवढाच काय तो फरक.

प्रतापसिंहरावांची पागा मोठी होती. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी धांवली गेली, तेव्हां ती जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी महाराजांचीच होती. तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. दुसरें महायुद्ध संपलें, आणि महाराजांची दृष्टि इंग्लंडच्या मैदानांकडे वळली.

आतां आपल्या चरित्रनायकाच्या कुळाकडे वळूं. शर्यतीच्या ज्या घोड्यांना थरोब्रेड म्हणतात, त्यांचा वंश मोठा कौतुकाचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्या शतकाच्या आरंभीं पूर्वेकडील तीन वळू घोडे इंग्लंडांत नेण्यांत आले. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन हीं त्यांचीं नांवें. जगांतील प्रत्येक थरोब्रेड घोड्याचें पितृकुळ या तिघांपैकीं एकाला जाऊन भिडतें. १७९१ सालापासून या घोड्यांची वंशावळ छापून ठेवण्यांत येते, आणि तींत ज्याची नोंद नाहीं तो कितीहि वेगवान असला तरी थरोब्रेड म्हणविला जात नाहीं. आपल्याकडील भाट राजघराण्यांच्या वंशावळी जितक्या काळजीनें राखीत, तितक्याच काळजीनें हें काम होतें.

सयाजीरावाचा बाप निअर्को. तो इटलींत जन्मला. फेदेरिको तेसियो या जगप्रसिद्ध अश्वपारख्यानें त्याला वाढविलें. चौदा वेळां तो धांवला आणि चौदाहि वेळां जिंकला. १९३८ सालीं ६०,००० पौंडांस विकला जाऊन तो इंग्लंडांत आला. युद्धकाळांत शहरांवर बाँब पडूं लागले, तेव्हां या घोड्यासाठीं न्यूमार्केट येथें स्वतंत्र तळघर बांधलेलें होतें असें सांगतात. माणसांना आसरा दुर्मिळ झाला असतां घोड्याला तो मिळावा, हें वाचून मन क्षणभर थबकतें. पण मोलाच्या वस्तूवर मनुष्याचा जीव किती जडतो, याचें तें उदाहरण आहे. आई रोझी लेजंड ही फ्रान्समधली घोडी. यॉर्कशायरमधील सर एरिक ओल्सन या गृहस्थांच्या पागेंत तिला १९४२ सालीं जें शिंगरूं झालें त्याचें नांव दान्ते. १९४४ सालीं त्याच बापापासून त्याच आईला दुसरें शिंगरूं झालें. गडद तपकिरी रंगाचें. तोच आपला चरित्रनायक.

हें दुसरें शिंगरूं एक वर्षाचें होतें न होतें, तोंच १९४५ च्या जूनमध्यें दान्तेनें डर्बी जिंकली. उत्तर इंग्लंडांत तयार झालेला घोडा डर्बी जिंकतो ही गोष्ट इतकी विरळ कीं सारें यॉर्कशायर आनंदानें वेडें झालें. परंतु दैव पहा! ज्याच्या पायांत एवढी शक्ति, त्या दान्तेच्या डोळ्यांना विकार जडला; पुढची सेंट लेजरची शर्यत त्याला धांवतां आली नाहीं, आणि शेवटीं तो आंधळा झाला. मोठ्या भावाचा डाव अर्ध्यावर मोडला. तो पुरा करण्याचें काम धाकट्याच्या वांट्याला आलें.

डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचा सख्खा भाऊ विक्रीला निघाला म्हटल्यावर बोली चढणारच. १९४५ सालीं हें वर्षाचें शिंगरूं लिलावांत उभें राहिलें, आणि बडोद्याच्या महाराजांनीं तें २८,००० गिनींना घेतलें. ब्रिटनमध्यें तोंपर्यंत वर्षाच्या कोणत्याहि शिंगराला इतकी किंमत आलेली नव्हती. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पहावा. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे २८,००० गिनींचे २९,४०० पौंड झाले. त्या वेळीं एक रुपया दीड शिलिंगाचा होता. म्हणजे एका पौंडाचे तेरा रुपये पांच आणे चार पै. या दरानें ती रक्कम बरोबर ३,९२,००० रुपये होते. ज्या काळीं खेड्यांतील शाळेला पत्र्याचें छप्पर घालावयाचें तर वर्षानुवर्षें वर्गणी गोळा करावी लागे, त्या काळचे हे जवळजवळ चार लक्ष रुपये! आणि ज्यानें अजून एकहि शर्यत धांवलेली नाहीं, ज्याच्या पाठीवर अजून धड खोगीरहि चढलेलें नाहीं, अशा एका पोरवयाच्या जनावरासाठीं ते मोजले गेले.

या शिंगराला महाराजांनीं आपल्या आजोबांचें नांव दिलें.

येथें आमचे कांहीं वाचक कपाळाला आठ्या घालतील. घोड्याला आजोबांचें नांव? परंतु यांत अनादर नव्हता. आपल्याकडे बैलाला राजा, सर्जा अशीं नांवें आपण लाडानेंच ठेवतों. आपल्या पागेंतील सर्वांत उत्तम घोड्याला सर्वांत प्रिय नांव द्यावें, अशीच ती भावना असावी. तथापि नांव देणें सोपें असतें. तें नांव पेलणें कठीण असतें. घोड्यानें तें पेललें कीं नाहीं, आणि नांव देणाऱ्यानें तें पेललें कीं नाहीं, हेंच या चरित्राचें खरें सूत्र आहे.

महाराजांनीं न्यूमार्केट येथें वॉरन प्लेस नांवाची जागा विकत घेतली, आणि सॅम आर्मस्ट्राँग या नामांकित चाबूकस्वाराला तेथें आणून आपले घोडे त्याच्या हवालीं केले. एडगर ब्रिटहि हिंदुस्थानांतून इंग्लंडास येऊन दाखल झाला. शर्यतीच्या घोड्याचें शिक्षण विद्यार्थ्यांच्या शिक्षणाहून फारसें निराळें नसतें. पहाटे उठणें, ठरलेली रपेट, अंगाला खरारा, मापून दिलेली चंदी, वेळेवर विसांवा, यांत एक दिवसाचाहि खंड चालत नाहीं. घोड्याला आपण कोणत्या दिवशीं धांवणार आहों हें ठाऊक नसतें; म्हणून रोजची रपेट हीच त्याची तयारी. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून अभ्यास करणाऱ्या आमच्या मित्रांनीं याचा विचार करावा.

इंग्लंडांत तीन वर्षांच्या घोड्यांसाठीं कांहीं ठराविक मोठ्या शर्यती आहेत, त्यांस क्लासिक म्हणतात. त्यांपैकीं नरांच्या तीन मुख्य: वसंतांत न्यूमार्केटची एक मैलाची टू थाउजंड गिनीज, जूनमध्यें एप्सम येथील दीड मैलाची डर्बी, आणि सप्टेंबरांत डॉन्कास्टरची सुमारें पावणेदोन मैलांची सेंट लेजर. सेंट लेजर १७७६ पासून चालू असून ती सर्वांत जुनी व सर्वांत लांब पल्ल्याची. प्रत्येक घोड्याला या शर्यती आयुष्यांत एकदांच धांवतां येतात. कारण तीन वर्षांचें वय पुन्हां येत नाहीं. सयाजीरावाचें तें वर्ष होतें १९४७.

त्या वर्षीं सर्वांच्या तोंडीं एकच नांव होतें. तें ट्युडर मिन्स्ट्रेल या घोड्याचें. गिनीजच्या शर्यतींत तो असा कांहीं धांवला कीं दुसऱ्या घोड्याला त्यानें आठ लांब्या मागें टाकलें. सयाजीराव तिसरा आला. एवढ्या मोठ्या किंमतीचा घोडा पहिल्याच मोठ्या कसोटींत तिसरा, हें पाहून मागून बोलणाऱ्यांचीं तोंडें सुटलीं नसतील तरच नवल. परंतु मैलाची शर्यत ही त्याच्या स्वभावाची नव्हतीच. लिंगफील्ड येथें डर्बीच्या पूर्वतयारीची जी लांब पल्ल्याची शर्यत होते, ती त्यानें जिंकली, आणि डर्बीच्या दिवशीं तो पुन्हां ट्युडर मिन्स्ट्रेलसमोर उभा ठाकला.

जून महिन्यांत एप्समच्या टेकडीवर लक्षावधि लोक जमले होते. बहुतेकांची खात्री होती कीं ट्युडर मिन्स्ट्रेलच जिंकणार. परंतु शर्यतींत आणि आयुष्यांत खात्री ही वस्तु फार फसवी. दीड मैलाचा पल्ला त्या वेगवान घोड्याला पेलला नाहीं. तो चौथा आला. जिंकला तो पर्ल डायव्हर, ज्याच्यावर एकास चाळीस असा भाव होता. म्हणजे ज्याला कोणी खिजगणतींतहि धरलें नव्हतें असा घोडा. ज्यांनीं आपली पुंजी खात्रीच्या घोड्यावर लावली होती ते त्या सायंकाळीं रिकाम्या हातांनीं घरीं परतले. जुगाराविरुद्ध शंभर व्याख्यानें देऊन जें साधणार नाहीं, तें त्या एका सायंकाळीं एप्समच्या टेकडीवर दिसलें. दुसरा आला मिगोली. हा आगाखानांचा घोडा. पुण्याच्या ज्या आगाखान राजवाड्यांत आपल्या सेवाग्रामचे महात्मा गांधी १९४२ च्या ऑगस्टपासून १९४४ च्या मेपर्यंत बंदिवासांत होते, त्याच राजवाड्याचे हे आगाखान. आणि तिसरा आला सयाजीराव.

दोनदां तिसरा! येथेंच पुष्कळांचें धैर्य खचतें. घोड्याला अर्थातच आपण तिसरे आलों याचें दुःख नसतें, आणि हेंच त्याचें भाग्य. माणसाला मात्र तें असतें, आणि त्यापायीं तो पुढची शर्यत धांवतच नाहीं. सयाजीरावाच्या चाबूकस्वारानें व जॉकीनें धीर सोडला नाहीं. त्यांना एक गोष्ट दिसली होती: पल्ला जसजसा वाढतो तसतसा हा घोडा खुलतो. ज्या ट्युडर मिन्स्ट्रेलनें मैलाच्या शर्यतींत त्याला मागें टाकलें होतें, तोच दीड मैलाच्या शर्यतींत त्याच्या मागें पडला होता. त्याच महिन्यांत घोडा समुद्रापार आयर्लंडांत कराच्या मैदानावर गेला, आणि तेथें दीड मैलाची आयरिश डर्बी त्यानें जिंकली.

आयरिश डर्बी आणि सेंट लेजर यांच्यामध्यें ऑगस्ट महिना होता. तो १९४७ चा ऑगस्ट. आपला देश स्वतंत्र झाला. बडोदें हें संविधानसभेंत प्रतिनिधि पाठविणाऱ्या अगदीं पहिल्या संस्थानांपैकीं एक होतें, ही गोष्ट महाराजांच्या बाजूनें अवश्य नमूद केली पाहिजे. जेव्हां सयाजीराव सप्टेंबरांत डॉन्कास्टरच्या मैदानावर उतरला, तेव्हां त्याच्या पाठीवरील रंग एका स्वतंत्र देशांत सामील झालेल्या संस्थानाच्या धन्याचे होते. अवघ्या महिनाभरापूर्वीं हें कोणालाहि म्हणतां आलें नसतें.

सेंट लेजरची ती शर्यत पाहणाऱ्यांच्या कायमची लक्षांत राहण्यासारखी झाली. पावणेदोन मैलांची ती दौड. तीन मिनिटांहून थोडासा अधिक वेळ. त्यांतच सहा महिन्यांच्या मेहनतीचा निकाल लागावयाचा. फ्रान्सचा आर्बार हा जबरदस्त घोडा, आणि डर्बींत पुढें गेलेला मिगोली, असे दोन्ही प्रतिस्पर्धी समोर होते. अखेरच्या सरळ पट्ट्यांत सयाजीराव व आर्बार यांची गांठ पडली. ब्रिटनें लगाम सैल सोडला. घोड्यानें मान लांब केली. निशाणाचा खांब ओलांडला गेला तेव्हां सयाजीराव पुढें होता, फक्त एका डोक्याइतका. पावणेदोन मैल धांवून फरक राहिला तो कांहीं वितींचा! मिगोली तिसरा आला. एप्समचा हिशेब चुकता झाला. आणि आंधळ्या होत गेलेल्या दान्तेला जी शर्यत धांवतांच आली नव्हती ती त्याच्या धाकट्या भावानें जिंकून दाखविली.

हे प्रतिस्पर्धी सामान्य नव्हते, हें पुढच्या वर्षीं सिद्ध झालें. १९४८ सालीं आर्बारनें अ‍ॅस्कटचा गोल्ड कप जिंकला, आणि मिगोलीनें पॅरिसची सुप्रसिद्ध आर्क ही शर्यत जिंकली. प्रतिस्पर्धी जितका मोठा तितका विजय मोठा, हा न्याय येथें लागू आहे. सयाजीरावानेंहि त्या वर्षीं अ‍ॅस्कट येथें हार्डविक स्टेक्स जिंकली. त्याच सालीं महाराजांच्या माय बाबू या दुसऱ्या घोड्यानें गिनीजची शर्यत मारली. बडोद्याचें नांव इंग्लंडच्या मैदानांवर दुमदुमलें, तें या दोन घोड्यांमुळें.

मग सयाजीरावाचें धांवणें संपलें, आणि वळू म्हणून तो आयर्लंडांत गेला. तेथें त्याच्या आयुष्याचा दुसरा व अधिक शांत भाग गेला. त्याची संतति त्याच्याचसारखी निघाली: चटकन् भडकून विझणारी नव्हे, तर लांब पल्ला गांठणारी. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिनें १९५८ सालीं अ‍ॅस्कटचा गोल्ड कप व गुडवुड कप जिंकला. लिंक्रिस या दुसऱ्या मुलीनें १९६० सालीं आयरिश ओक्स ही शर्यत जिंकली. आणि १९६४ सालीं इंडियाना नांवाच्या त्याच्या मुलानें सेंट लेजर जिंकून बापाच्या पावलावर पाऊल टाकलें. मुलाचा हा विजय झाला तेव्हां बाप जिवंत होता. दोन वर्षांनीं, १९६६ सालीं, बावीस वर्षांचा होऊन सयाजीराव मरण पावला. घोड्याच्या मानानें हें पुरेसें दीर्घ आयुष्य. त्याच्यावर बसणारा ब्रिट तर शंभरी ओलांडून २०१७ सालीं वारला.

घोड्याचें चरित्र येथें संपतें. परंतु त्याच्या धन्याचें पुरें केल्याशिवाय त्याचा अर्थ कळणार नाहीं. जे घोडे मैदानें जिंकीत होते त्यांच्या चंदीचा खर्च कोठून येत होता, हा प्रश्न बडोद्याच्या प्रजेला पडणें स्वाभाविक होतें. देश स्वतंत्र झाल्यावर तो प्रश्न उघडपणें विचारला गेला. महाराजांनीं राज्याच्या खजिन्यांतून उचललेल्या मोठमोठ्या रकमांची चौकशी झाली. १ मे १९४९ रोजीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें संस्थानिकांची संघटना उभारण्यांत महाराजांनीं पुढाकार घेतला, भारत सरकारशीं त्यांचा बेबनाव झाला, आणि १९५१ सालीं सरकारनें त्यांची मान्यता काढून घेऊन त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांस गादीचे धनी म्हणून मान्य केलें. १९६८ सालीं, आपल्या लाडक्या घोड्यानंतर दोनच वर्षांनीं, प्रतापसिंहराव लंडन येथें वारले. ज्या शहरापासून थोड्याशा अंतरावर त्यांचे घोडे धांवले, त्याच शहरांत, राज्यावांचून.

यावरून महाराज केवळ उधळे होते असा निकाल आम्ही देणार नाहीं. चरित्र लिहिणारानें न्यायाधीशाची घाई करूं नये. विलीनीकरणाच्या अगदीं आदल्या दिवशीं, ३० एप्रिल १९४९ रोजीं, याच प्रतापसिंहरावांच्या हातून बडोद्यास एक विद्यापीठ स्थापन झालें. त्यालाहि त्यांनीं नांव दिलें तें आजोबांचेंच: महाराजा सयाजीराव विद्यापीठ. विचार करा, एकाच नातवानें एकाच आजोबांचें नांव दोन गोष्टींना दिलें. एकदां शिंगराला आणि एकदां विद्यापीठाला. पहिल्यासाठीं जवळजवळ चार लक्ष रुपये गेले, आणि त्यांतून टाळ्यांचा कडकडाट मिळाला, चषक मिळाले, वंशावळींत मानाचें पान मिळालें. दुसऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या मुलें शिकून बाहेर पडत आहेत. ज्या राजाला बाराव्या वर्षापर्यंत अक्षर येत नव्हतें, त्याचें नांव या दोहोंपैकीं कोणत्या ठिकाणीं अधिक शोभतें, हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

परंतु घोड्याचा यांत कांहीं दोष होता काय? मुळींच नाहीं. आपली किंमत किती हें त्याला ठाऊक नव्हतें, पैसा कोणाचा हें ठाऊक नव्हतें, आणि आपल्याला कोणाचें नांव दिलेलें आहे हेंहि ठाऊक नव्हतें. त्याच्या हातीं एकच गोष्ट होती: धांवणें. ती त्यानें शेवटच्या वितीपर्यंत चोख बजावली, आणि नकळत त्या नांवाला बट्टा लागूं दिला नाहीं. आपली गोष्ट निराळी आहे. आपल्याला आपलें नांव कोणी दिलें हें ठाऊक असतें. आपल्या शिक्षणाला लागलेला पैसा कोणत्या हातांनीं, कोणत्या शेतांत, किती उन्हातान्हांत मिळविला हेंहि ठाऊक असतें. म्हणून आपली जबाबदारी घोड्याहून मोठी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येक जण यंदाच्या परीक्षेंत तिसरे आले असतील, कित्येक त्याच्याहि मागें राहिले असतील. सर्वांचा पल्ला एक नसतो. कोणी मैलांत चमकतो, कोणाला पावणेदोन मैल लागतात. आपला पल्ला ओळखावा, रोजची रपेट चुकवूं नये, आणि निशाणाचा खांब मागें पडेपर्यंत लगाम आंखडूं नये. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं पहिल्या शर्यतींत मागें पडलेल्या मुलाची किंमत लागलीच कमी करूं नये. पोळ्याला बैलाची पूजा करतांना त्यानें किती शर्यती मारल्या हें आपण विचारीत नाहीं; त्यानें वर्षभर जूं वाहिलें एवढें आपल्याला पुरतें.